कौलारू घराची पन्हळ पूर्ण बदलायची आहे, वळवाच्या आत. पत्रा घ्यावा का पीव्हीसी? (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

जास्वंद, २६ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमचं मंगळवार पेठेत जुनं घर आहे, आजोबांनी बांधलेलं. खाली दगड-मातीच्या भिंती, वर माडी, त्यावर मंगलोरी कौलं. दोन पाखी, एक रस्त्याकडं उतरतं आणि एक मागं परड्यात. दोन्हीकडं २८-२८ फूट पत्र्याची पन्हळ आहे, बाबांनी पंचवीसएक वर्षांपूर्वी बसवून घेतलेली, आणि आता ती संपलीय.

गेली चार वर्षं दर मे महिन्यात कुणालातरी बोलवून डांबर लाव, एम-सील लाव, एकदा तर भोकावर ट्यूबचा तुकडा ठेवून वरनं सिमेंट फासून घेतलं. गेल्या पावसात तरणा पाऊस लागला आणि एका रात्रीत सगळं उखडलं. पाणी पन्हळीतनं जायचं सोडून पन्हळीच्या मागनं भिंतीवरनं उतरायला लागलं. माजघराच्या भिंतीचा गिलावा फुगलाय, बोटानं वाजवला की पोकळ वाजतो. आई ७२ वर्षांची आहे, खालीच झोपते, आणि सोप्याच्या दारात नेमकी एक धार पडते तिथं फरशीवर तिचा दोनदा पाय घसरलाय. दुसऱ्यांदा मनगट सुजलं होतं. यंदा मला ते नको आहे, बास.

काल शिडी लावून स्वतः वर चढून बघितलं. पन्हळीच्या तळाला बोट दाबलं तर बोट आरपार गेलं, पत्रा नाही, पापड झालाय. आत चार बोटं काळा गाळ, त्यात पिंपळाची दोन रोपं चांगली वीतभर वाढलेली, आणि त्या गाळाखालचाच पत्रा सगळ्यात जास्त खाल्लेला.

दोघांना बोलवलं. एकजण पीव्हीसीची पन्हळ सांगतोय, रनिंग फुटाला ३८० रुपये, दुसरा जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची, २६० रुपये. दुसऱ्यानं टेपसुद्धा लावला नाही, खालनं बघूनच दर सांगितला. दोघंही म्हणतात आपलंच चांगलं. कुणी अलीकडं असं काम करून घेतलं असेल तर सांगा, काय घेऊ आणि त्यांना काय काय विचारू? स्वस्तात करायचं नाही, पण परत पाच वर्षांनी हेच करायची ताकद माझ्यात नाही.

उद्यमनगरी, २७ मार्च, सकाळी ७:१५

ताई, लै वेळेवर विचारलंसा. मे उजाडला की आमच्याकडं पत्रा वाकवायला लाइन लागतीया, मग कुणीबी कसंबी काम करून देतोय. आत्ता करा.

मी बेंडिंग मशीनवर काम करतोय त्यामुळं पत्र्याचं तेवढं नीट सांगतो. पहिली गोष्ट, गेजवर बोलू नका. २० गेज म्हटलं तर एकाचा ०.९ निघतोय, एकाचा १ मिमी, आणि ज्याला फसवायचंय त्यो ०.८ चा पत्रा बी २० म्हणून खपवतोय. मिमीत बोला. पन्हळीला १ मिमी घ्या, ०.८ च्या खाली अजिबात नको. आणि वजन करून घ्या. मंगलोरी कौलाच्या घराला पन्हळीचा घेर १८ इंच लागतोय, म्हणजे तळ ६, मागची उभी बाजू साडेसहा, पुढची ५, वर अर्धा इंच दुमड. असा १८ इंची पत्रा १ मिमीचा असला तर फुटाला जवळजवळ अकराशे ग्रॅम भरतोय, ०.८ चा असला तर पावणेनऊशे. तुमची एक बाजू २८ फूट, म्हणजे काट्यावर साधारण ३० किलो यायला पायजे, जोडाचा पत्रा वेगळा. २४-२५ आला तर समजा काय झालंय ते. २६० रुपयांत किती मिमी देतोय हे त्याला आधी विचारा.

दुसरं, जस्ताचा थर. गंजाला पत्रा न्हाई, जस्त अडवतंय. त्यो जीएसएममध्ये मोजत्यात, म्हंजे चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त. १२० जीएसएमचा पत्रा बाजारात ढिगानं मिळतोय आणि २७५ चा मागून घ्यावा लागतोय. पन्हळीला २७५ च घ्या, फरक किलोमागं थोडा हाय पर वर्षांत लै हाय.

वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंगच्या जाग्यावर जस्त जळून जातंय आणि गंज तिथनंच सुरू होतोय. जोड चार इंच एकावर एक घेऊन रिव्हेट मारायचा, दोन ओळीत. आणि वरच्या अंगाचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत बसला पायजे, उलटा बसला तर पाणी जोडात शिरतंय. हे लै जण उलटं करत्यात.

कळंबारोड, २७ मार्च, सकाळी ९:०५

माझं आरसीसी घर आहे पण वर टेरेसवर पत्र्याचं शेड आहे, त्याला तीन वर्षांपूर्वी मी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक पीव्हीसीची, पन्हळ लावून घेतली. सांगायचं म्हणजे वस्तू चांगली आहे, गंजत नाही, वजनाला हलकी, दोन माणसांनी एका दिवसात लावली. पण माझ्याकडं लावणाऱ्यानं सगळे जोड सोल्युशननं पक्के चिकटवले, आणि पहिल्याच एप्रिलमध्ये दुपारी टक्‌ टक्‌ आवाज यायला लागले, दोन ब्रॅकेट निखळले, एक जोड फाटला. नंतर दुसऱ्या माणसानं समजावून सांगितलं की प्लास्टिक उन्हात पत्र्याच्या कितीतरी पट वाढतं, पहाटे आणि भर दुपारी मिळून दहा फुटाच्या एका तुकड्यात पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडतो. त्या वाढीला जागा लागते. म्हणून चांगल्या सिस्टीममध्ये जोडाला रबर गास्केट असतं आणि तुकडा त्यात सरकतो, तिथं सोल्युशन लावायचंच नसतं. आता तसं करून घेतलंय, तेव्हापासून शांत आहे.

आणि एक, कुणी ६ इंची पाइप उभा फाडून पन्हळ करून देतो म्हणाला तर नको म्हणा. स्वस्त पडतं, कोकणात खूप दिसतं, पण फाडलेला पाइप आपोआप आत मिटायला बघतो, उन्हात वाकडा होतो, आणि तोंड अरुंद झालं की जोराच्या पावसात पाणी वरनं उडी मारून जातं.

तुमच्या घराला कौलं आहेत, वर नारळ किंवा मोठं झाड आहे का? झावळी पडली तर यूपीव्हीसी तडकते, पत्र्याला फक्त पोचा पडतो. हे पण बघा.

ओळंबा, २७ मार्च, दुपारी १२:३०

जास्वंद ताई, चाळीस वर्षं साइटवर काढली, जुन्या घरांची दुरुस्ती हेच जास्त केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्रा का पीव्हीसी हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न आहे की तुमच्या वाशांची टोकं शाबूत आहेत का. चार वर्षं पाणी पन्हळीच्या मागनं उतरतंय म्हणता, म्हणजे ते आधी वाशाच्या टोकावरनं गेलंय, मग भिंतीवर. पन्हळीचा ब्रॅकेट ज्यात बसतो ते लाकूडच मऊ झालं असेल तर सोन्याची पन्हळ लावली तरी दोन पावसात खाली येईल. एक साधा स्क्रू-ड्रायव्हर घ्या, प्रत्येक वाशाच्या टोकाला खालनं आणि बाजूनं टोचून बघा. चांगल्या सागाला टोक आत जात नाही. अर्धा इंच गेलं तर तो वासा दुरुस्त करायचा, आणि वाळवीची माती दिसली तर तिचं आधी. दुरुस्ती म्हणजे अख्खा वासा बदलायचा नाही, कुजलेलं टोक कापून शेजारी तीन-चार फुटांचा नवा तुकडा बोल्टनं आवळायचा. त्यासाठी खालच्या दोन-तीन ओळी कौलं उतरवावी लागतात. ती तशीही उतरवायचीच आहेत, कारण ब्रॅकेट वाशाच्या वरनं बसवला तरच टिकतो, समोरनं दोन खिळ्यांवर टांगलेला नाही टिकत.

कौलं फुटतात, दहा-पंधरा जादा आणून ठेवा. आणायच्या आधी एक कौल उलटं करून पाठीवरचा छाप बघा. एका फॅक्टरीचं कौल दुसऱ्या फॅक्टरीच्या कौलात नीट बसत नाही, खाच जुळत नाही आणि तिथनंच गळतं. जुनी घरं पाडणाऱ्यांकडं त्याच छापाची मिळतात, हातात नमुना घेऊनच जा.

आता पाणी किती येतं ते बघू. तुमचं एक पाखं जमिनीवरच्या मापानं साधारण २८ बाय १४ फूट धरतो, म्हणजे ३९० चौरस फूट, ३६ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वळवाचा पाऊस तासाला १०० मिमीच्या दरानं अर्धा तास जरी कोसळला तरी मिनिटाला ६० लिटर पाणी त्या पन्हळीत येतं, म्हणजे चार घागरी, दर मिनिटाला. एवढ्या पाण्याला एक ४ इंची पाइप कसाबसा पुरतो, आणि त्यात दोन पानं अडकली की नाही पुरत. आता एकाच टोकाला पाइप आहे का? बहुतेक असणार. यंदा दोन्ही टोकांना करा. मध्यभागी उंच आणि दोन्हीकडं उतार, दहा फुटाला अर्धा इंच ढाळ, म्हणजे मधनं टोकापर्यंत पाऊण इंच. एवढा ढाळ डोळ्याला दिसत नाही पण पाण्याला कळतो. आणि तो लेव्हल पाइप लावूनच काढायचा, कौलांच्या ओळीवर विश्वास ठेवून नाही, जुन्या घराची ओळ सरळ असतेच असं नाही.

ब्रॅकेट दोन-दोन फुटांवर, २८ फुटाला पंधरा. पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा इंच-दीड इंच खाली. म्हणजे कधी तुंबलंच तर पाणी रस्त्याकडं सांडेल, भिंतीकडं नाही. या एका गोष्टीनं तुमच्या माजघराची भिंत वाचली असती. आणि शेवटच्या कौलाखाली पत्र्याची एक पट्टी घालून ती पन्हळीच्या आत उतरवा, कारण पाणी कौलाच्या ओठाखालनं उलटं फिरून मागं येतं.

जास्वंद, २८ मार्च, संध्याकाळी ६:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळंबा काका, आज सुट्टी काढून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. समोरच्या बाजूला पंधरा वासे आहेत, त्यातल्या अकरांना काही होत नाही, दोन जरा मऊ आहेत, आणि बोळाच्या बाजूचे शेवटचे दोन... स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. बाहेर ओढला तर त्याच्याबरोबर चहाच्या चोथ्यासारखं लाकूड बाहेर आलं. वरनं रंग अगदी व्यवस्थित दिसतो, कुणाला शंका पण आली नसती. दोघांपैकी एकानंही हे बघितलं नव्हतं. तुम्ही सांगितलं नसतं तर त्याच वाशांत नवीन ब्रॅकेट ठोकले असते.

तुम्ही म्हणालात तसंच आहे, पाइप एकच, बोळाच्या टोकाला, तीन इंची. सगळं पाणी तिकडंच जायचं आणि तिथलेच वासे गेले.

आता दोन प्रश्न. बोळ आमचा आणि शेजाऱ्यांचा सामाईक आहे, तिथं खाली आमचं पाणी त्यांच्या भिंतीच्या पायथ्याशी पडतं, त्यावरनं आधी बोलाचाली झालेली आहे. आणि मागं परड्याकडं पडवी आहे तिला सिमेंटची जुनी पन्हळ आहे, करड्या रंगाची, तिला तडा गेलाय. ती पण काढून टाकू का? तिकडं पत्रेवाला म्हणाला ग्राइंडरनं दोन मिनिटांत कापतो.

ओळंबा, २८ मार्च, रात्री ८:१०

ग्राइंडर लावू देऊ नका!! जुनी सिमेंटची पन्हळ म्हणजे जवळजवळ नक्की ॲस्बेस्टॉस. ग्राइंडरनं कापली की त्याची बारीक कुसळं हवेत जातात, ती फुप्फुसात बसली की निघत नाहीत आणि त्रास वीस-तीस वर्षांनी होतो, घरात आई आहेत, परडं बंदिस्त असणार. काढायचीच तर पाणी मारून चिंब ओली करायची, बोल्ट गंजले असले तर बोल्ट कापायचे, पन्हळ नाही, आणि अख्खी उतरवायची. फोडायची नाही, झाडायची पण नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. माणसांना चांगला मास्क द्या, रुमाल नाही. उतरवलेली जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधा, आणि विल्हेवाट कशी लावायची ते महापालिकेच्या घनकचरा विभागाला विचारून ठरवा, कचऱ्याच्या गाडीत तशीच टाकू नका.

बोळाचं म्हणाल तर नवीन पाइप रस्त्याच्या टोकाला काढा म्हणजे बोळात निम्मंच पाणी येईल. आणि बोळातला पाइप जमिनीपासून वीतभर वर सोडून न देता खाली कोपरा लावून, फरशीच्या पन्हाळीतनं रस्त्याच्या गटारीपर्यंत न्या. काम सुरू करायच्या आधी शेजाऱ्यांना घरी बोलवून चहा द्या आणि कागदावर काढून दाखवा. जुन्या खरेदीखतात वळचणीच्या पाण्याचा उल्लेख बऱ्याचदा असतो, तोही काढून वाचून ठेवा, भांडायला नाही, आपल्याला माहीत असावं म्हणून.

घाटमाथा, २९ मार्च, सकाळी १०:२०

मी गगनबावड्याकडचा. आमच्याकडं जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस, आणि आमच्या जुन्या घरांना पन्हळ बघायला मिळत नाही. वळचण चांगली तीन फूट बाहेर काढायची, पागोळ्या जिथं पडतात तिथं दगड बसवून चर काढायचा, आणि पाणी चरातनं खाली सोडायचं. साफ करायला काही नाही, गंजायला काही नाही. तुमच्या मागच्या बाजूला परडं मोकळं असेल तर तिथं पन्हळ लावायलाच पाहिजे का याचा विचार करा. पन्हळ म्हणजे दर वर्षाची शिडी आली.

ओळंबा, २९ मार्च, दुपारी १:००

घाटमाथा यांचं तत्त्व बरोबर आहे आणि मला ती घरं फार आवडतात. पण पेठेतल्या घराची वळचण दीड फुटाच्या वर नसते, जोतं कमी उंच, आणि भिंत मातीची. पागोळ्या जोत्याजवळ पडल्या की चिखल भिंतीवर उडतो आणि खालची दोन फूट भिंत कायम ओली राहते. वासे पुढं वाढवायचे म्हटलं तर पाखंच नव्यानं करावं लागेल. इथं पन्हळच हवी. मागं पडवीचं छप्पर मात्र परड्यात लांब उतरतं का? तसं असेल तर तिथली सिमेंटची पन्हळ काढल्यावर नवीन नाही लावली तरी चालेल, खाली दगडी चर करा. तेवढं घाटमाथा यांचं घ्या.

दुधाळी, २९ मार्च, रात्री ९:३५

एक छोटी गोष्ट. पन्हळीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नका, प्लंबर सोपं पडतं म्हणून तसं करतात. आमच्याकडं २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी वाढलं तेव्हा ड्रेनेज उलटं भरलं आणि वरनं छपराचं पाणी त्याच चेंबरमध्ये, सगळी घाण बाथरूममध्ये आली. पुराचं पाणी दारात यायच्या आधी दोन दिवस. तुमच्या भागात पूर येत नसला तरी मोठ्या पावसात ड्रेनेज तुंबतंच. पावसाचं पाणी पावसाच्या गटारीतच.

जमलं तर एका बाजूचं पाणी टाकीत घ्या, पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्या म्हणजे छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण निघून जाते, मग बागेला, धुण्याला वापरायला उत्तम.

उद्यमनगरी, ३० मार्च, सकाळी ७:४०

ताई, जोडात भरायच्या सिलिकॉनचं राहिलं सांगायचं. दुकानात जे स्वस्तातलं मिळतंय, उघडलं की व्हिनेगरसारखा आंबट वास येतोय, ते जीआयला लावायचं न्हाई. त्यातलं ॲसिड जस्त खातंय. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं बघून घ्या न्हायतर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या. लक्ष्मीपुरी-शाहूपुरीकडं हार्डवेअरच्या दुकानात मिळतंय, तुम्ही स्वतः जाऊन आणून द्या, कामगाराला आणाय सांगू नका.

मागं सिमेंट लावलंतासा ते पण चुकलं बघा. ओलं सिमेंट जस्त खातंय आणि नंतर त्याच्या खाली ओल धरून ऱ्हातंय.

रंगाचं म्हणाल तर नव्या जीआयवर डायरेक्ट रेडऑक्साइड आणि ऑइल पेंट मारला तर वर्षात सालपटं निघत्यात. रंग हवाच असंल तर आधी जीआयचा एच (etch) प्रायमर, जस्ताला धरून बसणारा. न्हायतर रंगच नको, जस्त तसंच करडं दिसंल पर टिकंल.

जास्वंद, ६ एप्रिल, रात्री ११:१५

ठरवलं. १ मिमी, २७५ जीएसएम जीआय, दोन्ही बाजूला. यूपीव्हीसीचा मोह झाला होता पण शेजारच्यांच्या दोन नारळांच्या झावळ्या आमच्याच छपरावर येतात, कळंबारोड यांचं वाचून तो विषय सोडला. २६० वाल्याला मिमी विचारले, तो आधी २० गेज २० गेज करत राहिला, मग ०.८ म्हणाला. दुसऱ्या एका फॅब्रिकेटरनं टेप लावून माप घेतलं, वर चढून वासे बघितले, आणि १ मिमीचे ३१० सांगितले, ब्रॅकेट आणि बसवणं धरून. पत्रा आम्हीच वजन करून बघितला, एका बाजूचा जोडासकट ३१ किलो. त्याला दिलं.

सुतारानं समोरचे चार वासे आधी केले. मागच्या बाजूला एकच निघाला. कौलं आठ फुटली, छाप जुळवून जादा आणली होती म्हणून काम थांबलं नाही. सिमेंटची पन्हळ ओली करून अख्खी उतरवली, माणसं कुरकुरत होती पण मास्क लावून घेतले. आणि विजेची सर्व्हिस वायर पन्हळीच्या अगदी वरनं जाते हे परांची बांधताना लक्षात आलं, लाइन बंद करून घेतली दोन दिवस. कुणी असं काम काढणार असेल तर आधी डोकं वर करून ते बघा, आठ फुटी पत्रा हातात फिरवताना तो कधी तारेला लागेल सांगता येत नाही.

शेजाऱ्यांना चहाला बोलवलं. काकांनी कागद नीट बघितला, आणि बोळातली फरशीची पन्हाळ त्यांच्या खर्चानं पुढं गटारीपर्यंत वाढवून देतो म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा एवढं बोललो आम्ही.

ओळंबा, ७ एप्रिल, सकाळी ८:००

छान. शेवटचे पैसे द्यायच्या आधी मधल्या उंच जागी दोन बादल्या पाणी ओता, पाच मिनिटं थांबा, मग पूर्ण पन्हळीत हात फिरवा. तळव्याला पाणी साचलेलं लागलं तर तिथला ब्रॅकेट वर घ्यायला सांगा, आत्ताच. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात, आणि ते डोळ्यांसमोर नसतं, डोक्यावर असतं.

पाइपच्या तोंडाला तारेची घुमटी बसवा. पन्हळीवर पूर्ण जाळी लावू नका, पानं जाळीवर बसतात आणि पाणी वरनंच घसरून जातं. वर्षातनं दोनदा साफ करा, एकदा मे मध्यावर आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास.

जास्वंद, २३ एप्रिल, रात्री ९:५५

आज संध्याकाळी वळीव झाला. साडेपाचला वारा सुटला, आधी धूळ, मग ढग, मग गारा नाहीत पण पाऊस असा की समोरचं घर दिसेना. पंचवीस मिनिटं. मी सोप्यात उभी राहून फक्त आवाज ऐकत होते. पूर्वी पाऊस आला की टप टप टप असा आवाज भिंतीतनं यायचा, आज तो नव्हता, दोन्ही टोकांना पाइपमधनं घळघळ पाणी उतरत होतं आणि दारात एक थेंब नाही. आई खुर्ची ओढून उंबऱ्याशी येऊन बसली. गेल्या पावसात ती त्या दारात पाय ठेवत नव्हती.

बोळाच्या टोकाचं पन्हळीचं झाकण मात्र खालच्या कोपऱ्यातनं झिरपतंय, थेंब थेंब. बाकी जोड सगळे कोरडे, मी पाऊस थांबल्यावर टॉर्च घेऊन एकेक बघितले. दोन बादल्या ओतल्या तेव्हा हे दिसलं नव्हतं.

उद्यमनगरी, २३ एप्रिल, रात्री १०:२०

टोकाला पाणी उभं ऱ्हातंय म्हणून तिथं दिसलं. बाहेरनं थापू नका, उपयोग न्हाई. दोन दिवस कोरडं झालं की आतनं जुनं सीलंट कापून काढायचं, थिनरनं पुसायचं, आणि कोपऱ्यात आतनं नवीन भरायचं, बोटानं दाबून. एक दिवस पाणी लागू द्यायचं न्हाई. त्यालाच बोलवा, त्याचंच काम हाय, फुकट करून देईल.

जास्वंद, २३ एप्रिल, रात्री १०:३५

फोन केला, शनिवारी सकाळी येतो म्हणालाय. सीलंट मी उद्याच आणून ठेवते. तोवर त्या टोकाखाली एक बादली ठेवलीय. माजघराच्या भिंतीचा गिलावा मेच्या शेवटापर्यंत वाळू देणार आहे आणि मग खरवडून चुन्याचा करायचा विचार आहे, त्यासाठी चुन्याचं काम येणारा गवंडी कुणाला माहीत असेल तर सांगा, मी वेगळा धागा काढते.